ऐकू येणारी वेळ

लालबाग-परळमध्ये १९८२ पर्यंत वेळ ऐकू येत असे. पहाटे गिरण्यांचे भोंगे एकामागोमाग एक सुरू व्हायचे आणि ज्याचा-त्याचा भोंगा ज्याला-त्याला ओळखू यायचा. कुणाचा जाड, कुणाचा चिरका, कुणाचा शेवटी जरा खाली उतरणारा. आमच्या चाळीतल्या बायका भोंग्यावर भात चढवत, पोरं भोंग्यावर उठत. मनगटी घड्याळ मजल्यावर थोड्यांकडेच होतं, आणि तेही बहुधा लग्नात मिळालेलं, सणावारी बाहेर निघणारं. तरी सातच्या पहिल्या पाळीची माणसं साडेसहाला जिना उतरलेली असत.

मी त्या चाळीत वाढले. वडील गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर होते, आजी घरात खानावळ चालवायची. पुढे मी इतिहास शिकले, आता कॉलेजात शिकवते. चाळिशी उलटल्यावर मला एडीएचडी असल्याचं निदान झालं, तेही भाच्याच्या निमित्ताने. डॉक्टर त्याच्याबद्दल जे जे विचारत होते त्याची उत्तरं मला माझ्याबद्दल देता येत होती. तेव्हापासून जुने कागद वाचताना एक प्रश्न माझ्याबरोबर असतो: माणसाला दिनक्रम लागतो कसा? सवयींवरची पुस्तकं सांगतात, निश्चयाने. मला इतिहासात निश्चय फार थोडा सापडतो. सापडतात त्या घंटा, तोफा, नगारे, भोंगे, नळाची वेळ आणि शेजारची माणसं.

एडीएचडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लोकांच्या डोळ्यांसमोर वर्गात चुळबुळ करणारा मुलगाच येतो. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ मध्ये लक्ष एका जागी न ठरणाऱ्या माणसांचं वर्णन करून ठेवलं आहे. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये लंडनला व्याख्यानं दिली, त्यांत बुद्धीने ठीक असूनही स्वतःला आवर घालता न येणाऱ्या मुलांची हकीकत होती. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत अवधानाची कमतरता हे नाव यायला १९८० साल उजाडलं. मोठ्या वयातही हे राहतं, हे मान्य व्हायला त्याहून वेळ लागला. मला हे आतून जसं कळतं ते असं: दहा मिनिटं गेली की दीड तास, याचा अंदाजच येत नाही. एका कामातून उठून दुसऱ्यात जाणं जड जातं. रात्री ठरवलेलं सकाळी आठवत असतं, पण हातात उतरत नाही. इतरांच्या काही आठवड्यांत अंगवळणी पडणारी गोष्ट मला रोज नव्याने ठरवावी लागते. रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आयुष्य या विषयात घालवलं. त्यांचं म्हणणं असं की काय करायचं हे या माणसांना माहीत असतं, ते त्या क्षणी करता येत नाही. म्हणून मदतही त्या क्षणी, त्या जागी आणि बाहेरून मिळायला हवी. डोक्यातली वेळ बाहेर आणून ठेवा, डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल अशी.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा भोंगाच आठवला.

बाहेर ठेवलेली वेळ ही काही गिरण्यांनी आणलेली नवलाई नव्हती. आपल्याकडे दिवसाच्या साठ घटका, घटका चोवीस मिनिटांची. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की घटका झाली. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना जोशीबुवांची नजर घंगाळातल्या त्या वाटीवर असे. मोठ्या शहरांत आणि दरबारांत हे काम पगारी माणसं करत. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या या घड्याळजींची रीत तपशिलात लिहिली आहे. उंचावर टांगलेल्या पितळी थाळीवर ते घटकांचे ठोके देत, प्रहराचे ठोके मात्र प्रहर संपल्यावरच. त्यामुळे रात्री मधेच जाग आलेल्या माणसाला तीन-चार ठोके ऐकू येत, पण हा दुसरा प्रहर की तिसरा, ते कळत नसे. बाबराने हुकूम केला की रात्री आणि ढगाळ दिवशी घटकांचे ठोके झाल्यावर प्रहराचेही द्यावेत. राज्य उभं करण्याच्या धामधुमीत त्याने या गोष्टीत लक्ष घातलं, याचं मला मोठं अप्रूप आहे. मधेच भानावर आलेल्या माणसाला आपण दिवसाच्या कोणत्या भागात आहोत ते सांगायला लागतं, हे त्याला कळलं होतं.

या व्यवस्थेत लक्ष देणं हे काम वाटून घेतलेलं होतं. वाटीवर एका माणसाने नजर ठेवायची आणि बाकीच्या वस्तीने ऐकायचं. देवळातला काकडा, नगारखान्यातला चौघडा, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचं वाजणं, पेशव्यांच्या पुण्यात रस्ते बंद करणारी रात्रीची तोफ, सगळं याच रीतीचं. गावात विसरभोळी, भरकटणारी माणसं तेव्हाही असणारच. त्यांच्याकडून स्वतःचं घड्याळ स्वतःच्या डोक्यात चालवण्याची अपेक्षा कुणी करत नव्हतं.

मुंबईच्या राजाबाई टॉवरची गोष्ट इथे सांगायला हवी. विद्यापीठाचा हा मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. आराखडा इंग्लंडच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, पैसा प्रेमचंद रायचंद यांचा आणि नाव त्यांच्या आईचं. राजाबाई जैन होत्या, दिवेलागणीआधी जेवायचा त्यांचा नेम होता आणि त्यांना दिसत नव्हतं. मनोऱ्याच्या घंटेमुळे त्यांना कुणाला न विचारता वेळ कळू लागली, असं सांगतात. ही गोष्ट खरी की मागाहून जुळवलेली, ते ठरवायला माझ्याकडे कागद नाही. पण शहराने ती शंभर-सव्वाशे वर्षं जपली आहे. त्या गोष्टीत आईला कुणी नेम पाळण्याचा निश्चय वाढवायला सांगत नाही. तिला ऐकू जाईल अशी घंटा बांधून देतात.

आता गिरण्यांकडे येते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती चालू झाली. पहिली अनेक वर्षं काम उजेडावर चाले, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. हिवाळ्यात दिवस लहान, उन्हाळ्यात मोठा. घड्याळ नसलेले कामगार उशीर होईल या धास्तीने अपरात्रीच येऊन गिरणीच्या दाराशी झोपत. इंग्लंडच्या गिरणीगावांत पहाटे लांब काठीने लोकांच्या खिडक्या वाजवत फिरण्याचा धंदा करणारी माणसं होती. आमच्याकडे भोंगा आला. मग विजेचे दिवे आले आणि उजेडाची अट संपली. १९०५ च्या सुमारास मागणी वाढल्यावर काही गिरण्या चौदा-चौदा तास चालू लागल्या.

यातल्या एका वादाने मला कायमचं धरून ठेवलं आहे. मालकांची तक्रार असे की हा कामगार एका जागी टिकत नाही. उठून बाहेर जातो, विडी ओढतो, आवारात जेवतो, मधेच आंघोळ करतो, बोलत बसतो. १९०८ च्या फॅक्टरी कामगार आयोगाच्या बहुमताने हे जवळजवळ मान्यच केलं: हिंदी कामगाराला सलग, नेटाचं काम जमत नाही, काम रेंगाळत करण्याकडेच त्याचा स्वभाव असतो. त्याच आयोगात मद्रासचे डॉक्टर टी. एम. नायर होते. त्यांनी वेगळं मत नोंदवलं आणि पुरुष कामगारांच्या तासांवर कायद्याने मर्यादा घाला म्हणून आग्रह धरला. एवढे तास राबवलेला माणूस मधे विसावा शोधणारच, आणि तो मिळाला नाही तर चोरून घेणार. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली. पुढे १९२२ मध्ये आठवड्याला साठ तास, १९३४ मध्ये चोपन्न, १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस. राजनारायण चंदावरकरांनी मुंबईच्या कामगारांचा इतिहास लिहिताना हेच धरून दाखवलं आहे की कामगाराच्या अनियमितपणाचं मूळ त्याच्या गावाकडच्या स्वभावात शोधणं चूक आहे. आज दारात बदली, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागचं काम, मिळेल, उद्या मिळणार नाही, अशा भरतीतून तो अनियमितपणा आला होता.

मी हे वर्गात शिकवते तेव्हा माझ्या मनात शाळेतली प्रगतिपुस्तकं असतात. लक्ष देत नाही, टिकून बसत नाही, हुशार आहे पण प्रयत्न करत नाही. व्यवस्था माणसाला पेलवत नाही, तेव्हा दोष माणसाच्या स्वभावावर ढकलणं सोपं जातं. डॉ. नायर यांचं मोठेपण हे की त्यांनी आधी कामाच्या तासांकडे बघितलं.

भोंग्याचं कौतुक सांगताना हेही विसरून चालणार नाही की त्याची दोरी मालकाच्या हातात होती. उशीर झाला की दार बंद, दिवस बुडाला. एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांचा पगार कापण्याची रीत होती, तिला डबल खाडा म्हणत. दंड आणि कपातीला लगाम बसला तो १९३६ च्या वेतन कायद्याने. आणि भोंगा कामाला लावायचा. घरी पोचलेल्या बाईचं काम कधी संपलं, हे सांगणारा भोंगा नव्हता.

म्हणून मला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या मागण्या फार महत्त्वाच्या वाटतात. सत्यशोधक लोखंडे 'दीनबंधु'चे संपादक होते आणि १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांना एकत्र करून अर्ज तयार केला. त्यातल्या काही मागण्या बघा: आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. पगाराच्या तारखेसकट या सगळ्या मागण्या दिवसाला, आठवड्याला आणि महिन्याला ठरलेला आकार देणाऱ्या आहेत. रविवार हा खंडोबाचा वार, असंही त्यांनी सुट्टीच्या बाजूने सांगितलं. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. दिनक्रम म्हटलं की आपल्याला काम आठवतं. लोखंड्यांनी विसाव्यालाही वेळापत्रकात हक्काची जागा मिळवून दिली, आणि कामगाराला वेळापत्रक नको असतं या समजुतीला त्यांचा अर्ज हेच उत्तर आहे. वेळ ठरवताना कामगाराला विचारा, एवढंच त्या अर्जाचं मागणं होतं.

न विचारता ठरवलं की काय होतं तेही मुंबईने पाहिलं. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. म्हणजे घड्याळात तीच वेळ दिसणार, पण सूर्याच्या हिशेबाने कामगाराला पाऊण तास, थोडा कमी, आधी अंथरूण सोडावं लागणार. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी काम थांबवून दगडफेक केली. १८८१ मध्ये मद्रासची वेळ मुंबईवर लादण्याचा प्रयत्न असाच फसला होता. महापालिकेने तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं मुंबईची जुनी वेळ सोडली नव्हती.

गिरणगावात मालकाच्या भोंग्याखाली दुसरी एक वेळ चालत असे. तिच्यावर कुणी फारसं लिहिलेलं नाही. ती आमच्या घरातली होती.

आजी संगमेश्वर तालुक्यातली. आजोबांच्या मागोमाग मुंबईला आली आणि त्यांच्या गावच्या एकट्या पुरुषांना जेवू घालू लागली. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी ती माणसं. पहिली पाळी सात ते साडेतीन, दुसरी मध्यरात्रीपर्यंत, तिसरी तिथून सकाळी सातपर्यंत. एक उठून कामाला गेला की त्याच्या जागी दुसरा आडवा होई. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि घड्याळही कळत नव्हतं. पण तिच्या पंगती चुकत नसत. पहाटे नळ यायच्या आधी पिंपं आणि कळश्या गॅलरीत रांगेत लागत. नळाला पाणी आलं की मजल्यावर कुणीतरी हाक द्यायचंच. पहिला भोंगा झाला की तवा चढायचा. दुसऱ्याला डबे भरलेले. प्रत्येकाच्या डब्याच्या कडीला वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. साच्यांवरून उरलेलं सूत वडील आणायचे, तेच. कुणी किती दिवस जेवला ते चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी. ज्याचं जेवण व्हायचं असेल त्याची ताटली खिळ्यावर उलटी, झालेल्याची सुलटी. डोक्यात काही ठेवायचं नाही, असा तिचा बाणा होता. सगळं भिंतीवर, खिळ्यावर, दोऱ्यात.

आजीला माझ्यासारखं काही होतं का, असं माझी बहीण विचारते. गेलेल्या माणसाचं निदान करू नये. एवढं खरं की आज एडीएचडीच्या उपचारात जे शिकवलं जातं, म्हणजे गोष्टी डोळ्यांसमोर ठेवा, खुणा करा, एका कामाच्या शेवटाला दुसऱ्याची सुरुवात बांधा, दुसऱ्या माणसाच्या सोबतीत काम करा, ते सगळं तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत होतं. गिरणगावातल्या अशा हजारो बायकांच्या कामाची मोठी दखल प्रेमा पुरव यांनी घेतली. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली.

माझी सकाळ आजीच्या सकाळीत ओवलेली होती. "ऊठ गो, दुसरा झाला," ही तिची हाक म्हणजे माझं तोंड धुणं. वडील दुसऱ्या पाळीला असले की माझा अभ्यास शेजारच्या काकूंच्या उंबऱ्यात व्हायचा. त्या तांदूळ निवडत आणि मी पाढे लिही. त्या मला काही शिकवत नसत. नुसत्या असत. मी वर्गात पहिल्या पाचांत असे आणि शाळेत वेळेवर पोचत असे. माझ्या अंगी शिस्त आहे, असं सगळे म्हणायचे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपाचं राजकारण, अर्थकारण, त्यात झालेली माणसांची होरपळ, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, नाटकं आणि चित्रपट झाले आहेत. त्यात मला एक छोटी नोंद जोडायची आहे. भोंगे थांबले. खानावळीतली माणसं एकेक करून गावी गेली. आजीच्या भिंतीवरच्या रेघा थांबल्या. वडील सवयीने पहाटे उठत आणि गॅलरीत बसून राहत. काही महिन्यांतच माझं दप्तर भरलं जाईना, वह्या अपुऱ्या राहू लागल्या, शाळेला उशीर होऊ लागला. घरावर एवढं संकट असताना पोरीला जबाबदारी कळत नाही, असं मोठी माणसं म्हणाली, आणि संकट होतंच, त्याचा परिणाम माझ्यावर होणारच होता. पण माझ्या धाकट्या बहिणीचं वेळापत्रक महिनाभरात पुन्हा लागलं. माझं लागलं नाही. ज्याला सगळे माझी शिस्त म्हणत होते ती भोंग्यात, नळात, आजीच्या हाकेत आणि काकूंच्या उंबऱ्यात होती, हे मला कळायला तीस वर्षं लागली.

या तीस वर्षांत सवय ही गोष्ट माणसाच्या आत ढकलली गेली. गिरण्यांच्या जागी उंच इमारती आल्या, नळाला चोवीस तास पाणी आलं, उंबऱ्यांना दारं लागली. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पहाटे चारला कळशी घेऊन उभं राहण्यात काही भूषण नव्हतं. मात्र बाहेरचे आधार गेले तेव्हा सगळा भार एकेकट्याच्या निश्चयावर आला, आणि निश्चय विकणारा मोठा बाजार उभा राहिला. एकवीस दिवसांत सवय लागते, हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या बदललेल्या चेहऱ्याची ओळख पटायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला 'निदान' गळला आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, वाचन, पहाटेचं उठणं आलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हे तपासलं आणि २०१० मध्ये छापलं. एखादी गोष्ट आपसूक होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. हा अभ्यास सर्वसाधारण स्वयंसेवकांवरचा आहे. एडीएचडी असलेल्यांचा आकडा त्यातून काढता येणार नाही. पण त्यातलं एक निरीक्षण प्रत्येक घरात पोचायला हवं: मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आज मोबाइलवरची सवय लावणारी कित्येक ॲप एक दिवस चुकताच आधीचे सगळे दिवस पुसून शून्यावर आणतात. तो डबल खाडाच आहे. गिरणीतला कायद्याने रोखला, हा आपण पैसे देऊन खिशात बाळगतो.

गोळीबद्दलही सांगते, कारण लोक दबक्या आवाजात विचारतात. मी औषध घेते आणि त्याचा मला उपयोग होतो. गोळीमुळे मला कामाला बसता येतं. कोणत्या कामाला आणि केव्हा, हे गोळी सांगत नाही. त्यासाठी मी घरात ठोक्यांचं घड्याळ लावलं आहे. सकाळी आकाशवाणी लावते; सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या की आंघोळ झालेली असायला हवी, एवढा एकच नियम. घरातून निघण्याआधी तीन गजर होतात: पहिला हातातलं सोडण्याचा, दुसरा चपला घालण्याचा, तिसरा दार ओढून घेण्याचा. पेपर तपासायचे असले की एक मैत्रीण येऊन बसते. ती तिचं विणते. आमच्यात बोलणं होत नाही, पेपर होतात. औषधाच्या पाकिटावर आजीसारखा रंगीत दोरा आहे.

आणि बाहेरचा भोंगा आजच्या काळात, कुणाच्या मालकीशिवाय, लावता येतो का, याचं उत्तर सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून एक रीत सुरू केली. रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद राहतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात किंवा बोलतात. साडेआठला पुन्हा भोंगा. कोरोनाच्या काळात मुलांच्या हातात मोबाइल आले आणि शाळा उघडल्यावरही सुटेनात, म्हणून हे ठरलं. आधी गावातल्या बायकांच्या सभेत चर्चा झाली, मग शिक्षक आणि आशा कार्यकर्त्या घरोघर समजावत फिरल्या. एकेका मुलाला वेगळं काढून मोबाइल ठेव म्हणून सांगणं आणि सगळ्या गावाने एका वेळी तो बाजूला ठेवणं, यांत किती अंतर आहे ते ज्याच्या घरात असं मूल आहे त्याला सांगायला नको. ते गाव एडीएचडीसाठी हे करत नाही. पण एडीएचडी असलेल्या मुलाला जे लागतं ते त्याला तिथे न मागता मिळतं, आणि त्याच्यावर कुणी बोट ठेवत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की दिनक्रम ही सार्वजनिक गोष्ट होती आणि ती पुन्हा काही प्रमाणात सार्वजनिक करता येते. शाळांनी तास संपायच्या पाच मिनिटं आधी एक हलकी घंटा द्यावी, म्हणजे मुलांना वही मिटायला अवधी मिळेल. वाचनालयांनी आणि सोसायट्यांनी संध्याकाळी एक खोली उघडी ठेवावी, जिथे कुणी कुणाला शिकवणार नाही, फक्त सोबत बसून आपापलं काम करतील. कचेऱ्यांनी उशिराची कपात ठरवण्याआधी डॉ. नायरांसारखं कामाच्या रचनेकडे बघावं. आणि तुमच्या घरात असं मूल किंवा असा मोठा माणूस असेल, तर काटे दिसणारं, ठोके देणारं घड्याळ सगळे बसतात त्या खोलीत लावा, बाहेर पडायच्या आधी तीनदा सांगा, तिन्ही वेळा सारख्याच आवाजात, आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पहिल्या हाकेपासून सुरू करा.